नेमस्पेसनिहाय कॉनट्रॅकला लगाम

आमच्या लॅबच्या एका लिनक्स सर्व्हरवर 40 नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधले वेगळे केलेले नेटवर्क-कप्पे) आहेत, मुलांच्या प्रत्येक गटाला एक. कुणीतरी पोर्ट स्कॅन (कुठले पोर्ट उघडे आहेत हे ठोठावून पाहणं) सुरू करतंच. उत्तर न आलेल्या प्रत्येक सिन पॅकेटची (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) नोंद कर्नलच्या कॉनट्रॅक टेबलमध्ये, म्हणजे चालू कनेक्शन्सच्या नोंदवहीत, 120 सेकंद बसून राहते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. नोंदींची मोजणी नेमस्पेसगणिक वेगळी असते, पण त्या ज्यात साठतात ते हॅश टेबल सगळ्यांत एकच. सोसायटीत मीटर घरोघरी, टाकी मात्र एकच, तसं. आमच्या कर्नलवर 'एनएफ-कॉनट्रॅक-मॅक्स' हा कमाल नोंदींचा आकडा होस्टवरच बदलता येतो आणि तो प्रत्येक नेमस्पेसच्या स्वतंत्र मोजणीला लागू होतो. म्हणजे 262144 ठेवला, तर 40 जण मिळून एक कोटीच्या वर नोंदी करू शकतात. एक नोंद साधारण 300 बाइटची धरा: तीन जीबी कर्नल मेमरी गेली! म्हणून हा आकडा सर्वांत मोठ्या गटाला पुरेल इतकाच ठेवा.

खरी मर्यादा नेमस्पेसच्या आत जाऊन एनएफटीने (लिनक्सचे फायरवॉल नियम लिहिण्याची कमांड) घालायची. फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे पुढे पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमयादीत, एस्टॅब्लिश्ड (आधीच जुळलेल्या कनेक्शनची) वाहतूक आधी सोडा. त्याखाली नियम: सीटी स्टेट न्यू, सीटी काउंट ओव्हर 2000, ड्रॉप; म्हणजे 2000 च्या वरचं नवं कनेक्शन टाकून द्या (सीटी म्हणजे कॉनट्रॅक). ड्रॉप झालेलं कनेक्शन कन्फर्म होत नाही, म्हणजे त्याची नोंद पक्की होत नाही, त्यामुळे टेबलात टिकत नाही. मर्यादा लाखांत ठेवू नका. या मोजणीची यादी लांबली की प्रत्येक नव्या कनेक्शनमागे सीपीयू जास्त खर्ची पडतो. एकेका आयपीवर मर्यादा हवी असेल तर डायनॅमिक सेट (एनएफटीची आपोआप भरत जाणारी पत्त्यांची यादी) वापरा, मला तोच जास्त आवडतो.

टाइमआउटही (नोंद किती वेळ टिकते ते) नेमस्पेसमध्ये स्वतंत्र बदलता येतात. टीसीपी एस्टॅब्लिश्डचा डिफॉल्ट 432000 सेकंद, म्हणजे पाच दिवस; लॅबला इतकं कशाला? मी 8000 ठेवते. लिनक्सचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारं पॅकेट) 7200 सेकंदांनी जातो, त्याखाली उतरलात तर गप्प बसलेली एसएसएच सेशन्स तुटतील.

हे सगळं नेमस्पेस तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच लिहा. होस्टची सिसकटीएल (कर्नल सेटिंगची) फाइल आत लागू होत नाही, आणि नेमस्पेस पुसली की सेटिंगही जातं.

तपासायला त्याच नेमस्पेसमध्ये 'एनएफ-कॉनट्रॅक-काउंट', म्हणजे सध्याच्या नोंदींचा आकडा, वाचा. कॉनट्रॅक कमांडच्या आकडेवारीत ड्रॉप आणि अर्ली-ड्रॉप (जागा करायला जुनी नोंद आधीच काढणं) वाढताना दिसले, की कर्नलचा मॅक्स गाठला गेलाय. तुमच्या नियमाचे ड्रॉप तिथे नाही, एनएफटीच्या काउंटरमध्ये दिसतात. तेव्हा नियमात काउंटर घालायला विसरू नका.