शहरातल्या चर्चमध्ये समाजसेवेचा पाळक: नव्याने येणाऱ्यांसाठी

उपदेश उत्तम करता म्हणून या पदावर तुमची निवड झाली असेल, तर सुरुवातीला दमछाक होणारच. इथला बराचसा वेळ फोनवर, याद्या जुळवण्यात, सभागृहाच्या किल्ल्या शोधण्यात आणि लोकांच्या दारात जातो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या 6व्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, म्हणून कुरकुर झाली आणि सात जण नेमावे लागले. शहरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आजही हेच घडतं. ज्यांना चर्चची भाषा नीट येत नाही, तेच यादीतून आधी गळतात. त्यामुळे यादी हातात आली की आधी ते बघा.

पद स्वीकारण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. समाजसेवेच्या निधीवर सही कोणाची, सभागृह कोणत्या वेळी मोकळं मिळणार, आणि मुख्य पाळक व पंचमंडळींचं (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचं) एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. "ते बघू नंतर" असं उत्तर आलं, तर ते नंतर तुम्हालाच निस्तरावं लागतं.

शिक्षणाचं म्हणाल तर ईशज्ञानाची पदवी बहुतेक ठिकाणी धरून चालतात. त्याच्या जोडीला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचं, म्हणजे आजारी आणि संकटातल्या माणसांना आध्यात्मिक आधार देण्याच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचं, एखादं सत्र केलेलं असावं. सहसा ते 400 तासांचं असतं, रुग्णालयात किंवा तशाच ठिकाणी, देखरेखीखाली. उत्तर देण्याची घाई न करता ऐकायचं कसं, हे तिथे शिकायला मिळतं.

पहिले तीन महिने नवं काहीही सुरू करू नका. चर्चपासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरातला सगळा भाग पायी फिरा. सकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही. शाळेचे मुख्याध्यापक, दवाखान्यातल्या परिचारिका, इतर धर्मस्थळांचे लोक, आधीपासून काम करणाऱ्या संस्था यांना भेटा आणि एवढंच विचारा: तुमच्याकडून कोणाला रिकाम्या हाती परत जावं लागतं? आणि कोणत्या दिवशी कुठेच मदत मिळत नाही? उत्तरं बहुधा अनपेक्षित येतात. कोणाला अर्ज भरून द्यायला माणूस हवा असतो, कोणाला रुग्णालयात सोबत. मंडळीने मात्र कपडे गोळा करायचं आधीच ठरवलेलं असतं! कपड्यांत वाटपापेक्षा निवडण्यालाच जास्त हात लागतात आणि उरलेल्या गाठोड्यांनी तळमजला भरतो. गोळा करायचेच असतील तर कोणते, कोणत्या मापाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे उपासनेत जाहीर करा.

खरी कसोटी लागते मदत मागणाऱ्याशी बोलताना. भाडं थकलंय म्हणून कोणी आलं, तर आधी खुर्ची आणि पाणी द्या, मग प्रश्न विचारा. रक्कम किती, मुदत कधी, घरमालकाची नोटीस आली आहे का, आणखी कुठे विचारलं, आणि पुढच्या महिन्याचं काय? शेवटचा प्रश्न सोडू नका. पुढच्या महिन्याची तजवीज नसेल, तर एका महिन्याच्या भाड्याने संकट फक्त तीस दिवस पुढे सरकतं. अशा वेळी घरमालकाशी हप्त्यांचं बोलणं जास्त उपयोगी पडतं. रोख हातात देऊ नका. पैसे थेट घरमालकाला किंवा बिलावर भरा. दोन सह्या, पावती आणि त्याच दिवशी नोंद. कमाल रक्कम आणि वर्षातून किती वेळा, हे आधीच ठरलेलं असलं की नकार देताना नियम सांगता येतो. नाहीतर प्रत्येक नकार व्यक्तिगत वाटतो. ठरावीक कारणासाठी आलेलं दान दुसरीकडे वळवायचं नाही, चार दिवसांसाठीसुद्धा नाही.

मदतीआधी प्रार्थनेची सक्ती नको. वाटप उरकल्यावर "प्रार्थना हवी आहे का?" असं विचारा आणि 'नाही' म्हटलं तर तितक्याच प्रेमाने निरोप द्या. मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी करू नये, हे रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या 1994च्या आचारसंहितेतही आहे.

मुलांच्या उपक्रमात कोणताही प्रौढ एकटा मुलासोबत बंद खोलीत नसावा. प्रत्येक खोलीत नात्यात नसलेले दोन प्रौढ, पार्श्वभूमीची तपासणी, येण्याजाण्याची सही. जुना, विश्वासू सभासद आहे म्हणून सूट देण्याचा मोह होतो, आणि धोका नेमका तिथेच असतो. ऐकलेलं गुप्त ठेवा, पण मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचं कळलं तर ते गुप्त राहत नाही. कळवायचं कुठे आणि किती वेळात, हा तिथला कायदा पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा.

शिजवलेलं अन्न देत असाल तर थर्मामीटर घ्याच. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली; मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कोरड्या शिध्यात आधी मुदत संपणारं पुढे मांडा.

स्वयंसेवक नाताळात रांग लावतात आणि पुढच्या महिन्यात फोन उचलत नाहीत. म्हणून नाताळातच प्रत्येकाकडून पुढच्या तीन महिन्यांतली एखादी तारीख लिहून घ्या. पाळी दोन-तीन तासांचीच ठेवा. प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार हवा, नाहीतर गाडी चालवणारे, कुलूप उघडणारे आणि चहा करणारे तुम्हीच होता. रविवार कामाचा असल्याने आठवड्यातला दुसरा एक दिवस सुट्टीचा ठरवा आणि त्या दिवशीचे तातडीचे फोन कोण घेणार, तेही.

एखादी सेवा बंद करायची वेळ आली तर किमान महिनाभर आधी दारावर, लोक बोलतात त्या भाषांत सूचना लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला पर्यायी ठिकाणाचा पत्ता व वेळ लिहून द्या. त्या ठिकाणी आधी स्वतः फोन करून खात्री करा. अशा याद्या दर तीन महिन्यांनी तपासल्या नाहीत तर त्या शिळ्या होतात.