चित्रकथांच्या आखाड्यात पहिली लढत

इंटरनेटवर चालणारा हा खेळ असा: दोन चित्रकार, दोघांचे एकेक पात्र आणि ठरलेली मुदत. दोघेही त्याच लढतीची आपापली चित्रकथा काढतात, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या जातात आणि वाचक मत देतात. नवे लोक इथे पहिली गफलत करतात ती अशी, की आपल्या पात्राने समोरच्याला लोळवले म्हणजे आपण जिंकलो. मत ठोशाला पडत नाही, कथेला पडते. शेवटच्या पानावर तुमचे पात्र चारी मुंड्या चीत पडलेले असूनही तुम्ही लढत जिंकू शकता, आणि अशा लढती खूप होतात.

या खेळाचे काही प्रकार आहेत. डेव्हियंटआर्ट या चित्रकारांच्या संकेतस्थळावर रुजलेल्या ‘ओरिजिनल कॅरेक्टर टूर्नामेंट’ म्हणजे ओसीटीमध्ये आधी ऑडिशन (पात्राची छोटी ओळखकथा), मग बाद फेरीचा तक्ता आणि प्रत्येक फेरीत परीक्षकांचा निर्णय असतो. एन्टरव्हॉइड या चित्रकथा-लढतींच्या संकेतस्थळाच्या धाटणीच्या ठिकाणी तक्ता नसतो. पात्र दाखल करायचे, कुणाला तरी आव्हान द्यायचे आणि वाचकांच्या मतांवर निकाल. ‘आर्ट फाइट’ याहून सौम्य. दरवर्षी जुलैत दोन संघ होतात, विरुद्ध संघातल्या कुणाचे तरी पात्र काढून ते चित्र त्याला भेट म्हणून द्यायचे, त्यालाच ‘अटॅक’ म्हणतात. चित्र किती पूर्ण आहे, रंग-छाया आहेत का, अर्धे शरीर की पूर्ण, यावर गुण मिळतात. तिथे कथा लागत नाही. कॉमिकची पाने काढायची सवय नसेल तर एक जुलै तिथे घालवा, कारण दुसऱ्याचे पात्र त्याच्या चित्रावरून हुबेहूब काढण्याचा सराव पुढच्या सगळ्या लढतींत कामी येतो.

नाव नोंदवण्याआधी, जिथे उतरायचे त्या ठिकाणच्या पाचसहा संपलेल्या लढती वाचून काढा. जिंकलेली बाजू वाचाच, पण हरलेली बाजू आणि तिच्याखालचे अभिप्राय जास्त बारकाईने वाचा. तिथल्या लोकांना काय खटकते ते तिथेच कळते. मग नियमांचे पान उघडून पाच गोष्टी शोधा: किमान वय, पानांची मर्यादा, रक्तपात आणि नग्नतेबद्दलची अट, मुदतवाढ मिळते का, आणि एआयने बनवलेल्या चित्रांबद्दलचा नियम. एआय चित्रांना आर्ट फाइटमध्ये थेट बंदी आहे. दुसऱ्याच्या कार्टूनमधले किंवा गेममधले पात्र थोडे बदलून आणणे ओसीटीत चालत नाही. पात्र मुळापासून तुमचेच हवे.

पात्र: काढायला सोपे, हरवायला शक्य

हे पात्र तुम्ही एकट्याने काढणार नाही. अनोळखी माणसे ते काढणार आहेत, तेही घाईत. म्हणून साखळ्या, सतरा बकल्स आणि अंगभर गोंदण असलेला पोशाख पहिल्याच वेळी टाळा. एक साधी कसोटी आहे. अंगठ्याएवढ्या चौकोनात पात्राची नुसती काळी आकृती भरा. ती ओळखू येते का? मग तेच पात्र दहा-दहा मिनिटांत वीस वेळा काढा: वरून, खालून, धावताना, पडताना. सातव्या-आठव्या चित्रात ज्या तपशिलाचा कंटाळा येईल तो पोशाखातून काढून टाका.

ताकदीलाही हाच नियम. ‘काहीही करू शकतो’ असे पात्र समोरच्याच्या काही कामाचे नसते. समजा, तुमचे पात्र रात्रपाळीचा रखवालदार आहे. हातात कंदील असेपर्यंत समोरच्याची सावली त्याच्या ताब्यात, कंदील विझला की तो साधा म्हातारा. आता समोरच्या चित्रकाराला धरायला दांडा मिळाला. तो वारा आणेल, पाऊस आणेल, रॉकेल संपवेल. अशा पात्राला आव्हाने येतात.

संदर्भपत्रकावर, म्हणजे रेफरन्स शीटवर, समोरून, पाठीमागून आणि पाऊण बाजूने अशी तीन उभी चित्रे द्या. चारपाच भाव, उंची कळेल अशी दाराची किंवा माणसाची तुलना, सपाट रंगांचे ठिपके आणि हत्यार किंवा वस्तू वेगळी मोठी काढलेली. जे एकाच बाजूला आहे त्याच्यावर ठळक लिहा: ‘पट्टी त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यावर’. ‘डावीकडे’ एवढेच लिहिले तर निम्मे लोक कागदाची डावी बाजू धरतात.

बहुतेक ठिकाणी पत्रकाबरोबर छोटी ओळखकथा किंवा ऑडिशन मागतात. तीन ते सहा पाने पुरे. पात्राला काय हवे आहे, ते काय करू शकते आणि कुठे अडते, एवढे त्यात दिसले पाहिजे. बालपण, गावाचा इतिहास, शापाची हकिगत नंतर. ऑडिशनमध्ये पहिली दोन पाने नुसत्या निवेदनाच्या चौकटींनी भरलेली असली की वाचक तिथेच सुटतो.

आव्हान देताना

कुस्तीत जोड लावतात तशी इथेही जोड लागते. चित्रकाराचा हात तुमच्याइतका असण्यापेक्षा त्याचा वेग तुमच्याइतका आहे का ते आधी पाहा. त्याच्या मागच्या तीन लढती काढा. पाने किती, मुदतीत आला का, शेवटची पाने कच्ची आहेत का? पंधरा रंगीत पाने काढणाऱ्यासमोर तुमची पाच राखाडी पाने चांगली असली तरी बिचारी दिसतात.

आव्हानाचा संदेश लहान ठेवा: कोणते पात्र, मुदत किती आठवड्यांची, साधारण किती पाने, रंगीत की राखाडी. त्यात एक प्रश्न विसरू नका: तुमच्या पात्राचे काय करायला चालणार नाही? मृत्यू, कायमचे अपंगत्व, पात्राच्या कुटुंबाला ओढणे, धर्म किंवा लैंगिक बाबींवरची थट्टा, हे आधी विचारले की नंतरची भांडणे होत नाहीत. समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर विषय तिथे संपतो. पटवत बसू नका.

वेळेचा हिशेब

पहिल्या लढतीत हरणारे बहुतेक जण चित्रात हरत नाहीत, मुदतीत हरतात. म्हणून पटकथेआधी तास मोजा. राखाडी छटांचे एक पान साधारण असे खाते: पेन्सिल दोन तास, शाई दोन तास, छटा एक-दीड तास, अक्षरे आणि संवादांचे फुगे अर्धा तास. म्हणजे सहा तास धरा. दोन आठवड्यांची मुदत, रोज दोन तास आणि शनिवार-रविवारी पाच-पाच तास, असे एकूण चाळीस तास होतात. त्यातले दहा कथा, कच्चे आराखडे, दुरुस्त्या आणि वीज गेलेल्या संध्याकाळींसाठी बाजूला काढा. उरले तीस, म्हणजे पाच पाने. तुमची कथा पाच पानांची आहे. दहा पानांची सुचली असेल तर ती पुढच्या लढतीसाठी वहीत ठेवा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. एक पान पूर्ण करून दुसऱ्याला हात लावू नका. आधी सगळ्या पानांचे आराखडे, मग सगळ्यांची पेन्सिल, मग सगळ्यांची शाई. असे केले की मुदत अंगावर आली तरी गोष्ट शेवटापर्यंत वाचता येते, फक्त छटा राहतात. उलट क्रमात दोन पाने देखणी होतात आणि तीन पाने कोरी राहतात. पेन्सिल झाल्याबरोबर संवादही पानावर टाका. फुग्यांना जागा उरली नाही हे शाईनंतर कळले तर अर्धे पान पुन्हा काढावे लागते.

पाच पानांत लढत कशी बसवायची

पहिल्या पानावर जागा आणि दोघे. वाचकाने तुमची पात्रे कधीच पाहिलेली नाहीत असे धरून चाला. दुसऱ्या पानावर दोघांना भिडायला लावणारे कारण: एकच वस्तू दोघांना हवी, एकच वाट दोघांना जायची. ‘तू माझा शत्रू आहेस’ एवढ्यावर लढत उभी राहत नाही. तिसऱ्या पानावर समोरच्याची सरशी, आणि ती त्याच्या खास गुणामुळे. चौथ्यावर उलटापालट. तिचे बीज पहिल्या-दुसऱ्या पानावर दिसलेले असावे, नाहीतर ती फसवणूक वाटते. रखवालदाराचा कंदील चौथ्या पानावर फुटणार असेल तर पहिल्या पानावर त्याच्या काचेला तडा दिसू द्या. पाचव्यावर शेवट, आणि त्यात मारामारीनंतरचा एक शांत चौकोन.

दुसऱ्याचे पात्र तुमच्या पानावर आले म्हणजे ते पाहुणे आहे. त्याला मूर्ख किंवा भित्रे दाखवून मिळवलेला विजय वाचक मतदानात वळता करून घेतात. त्याचे जुने सगळे कॉमिक वाचा. ते कसे बोलते, रागावते का गप्प होते, हे टिपून ठेवा. त्या पात्राच्या मालकाला तुमच्या पानावर ‘हो, हे माझेच’ असे वाटले तर अर्धी लढत तिथेच जमली.

हाणामारीच्या चौकोनांत दिशा सांभाळा. डावीकडून धावत आलेला पुढच्या चौकोनात उजवीकडून मारताना दिसला की कोण कोणाला मारतो तेच कळत नाही. पानभर चारपाच चौकोन पुरतात. ठोसा लागण्याचा क्षण काढण्यापेक्षा त्याच्या आधीचा ताण आणि नंतरचा परिणाम काढला तर जास्त जोर दिसतो.

पान, रेघ आणि अक्षर

चित्रे काढायच्या प्रोग्रॅमपैकी क्रिता आणि मेडिबँग पेंट फुकट मिळतात. फोनवर आयबिस पेंट चालते. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये चौकोन आणि फुगे झटपट होतात, पण पहिल्या लढतीसाठी ते विकत घ्यायलाच हवे असे नाही. कागदावर काढून स्कॅन केलेलेही बहुतेक ठिकाणी चालते.

ए-फोर पान ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) घेतले तर ते २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते. पडद्यावर ते साधारण ८०० पिक्सेल रुंदीने दिसणार, म्हणजे एक तृतीयांश. हा हिशेब डोक्यात ठेवूनच रेघ मारा. मूळ पानावर तीन पिक्सेलची रेघ छोटी झाल्यावर जेमतेम एक पिक्सेल उरते आणि पुसट होते. बाह्यरेषा सहा ते दहा पिक्सेल, आतले तपशील चार-पाच. अक्षरांचेही तसेच. १० पॉइंटचे अक्षर छोटे झाल्यावर १३ पिक्सेल उरते. रोमन लिपीला ते निभावते, देवनागरीत वर-खाली मात्रा, रफार, उकार असल्याने १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

आंतरराष्ट्रीय ठिकाणी संवाद इंग्रजीत लागतात. मराठी मित्रमंडळींत अशी लढत लावत असाल तर मुक्त, बालू आणि कलम हे गूगल फॉन्ट्सवरचे मोफत टंक फुग्यांत चांगले बसतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे सुटी पडली, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडा. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे तुटत असतील तर संवाद इंकस्केपमध्ये टाइप करून चित्र म्हणून आणा.

छटेसाठी वापरायचे ठिपक्यांचे तयार स्क्रीनटोन पान लहान करताना जाळीदार लाटा पाडतात. साधी राखाडी छटा भरली तर हा त्रास होत नाही. आणि एक जपून करायची गोष्ट: चेहरा तपासायला कॅनव्हास आडवा उलटवतात, ते योग्यच. पण सेव्ह करण्याआधी तो परत फिरवा. उलटवलेल्या अवस्थेत पट्टी काढली, तर तिसऱ्या पानावर डोळ्यावरची पट्टी उजवीकडे गेलेली असते. पाने देण्याआधी सगळी शेजारी ठेवून फक्त एकाच बाजूच्या खुणा तपासा: पट्टी, भांग, बटणे, हत्यार धरलेला हात.

देताना आणि दिल्यावर

मुदत कोणत्या घड्याळाची ते विचारून घ्या. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. फाइली पीएनजी द्या. जेपीईजीत काळ्या अक्षरांभोवती धूळ दिसते. नावे ०१, ०२ अशी द्या, नाहीतर दहावे पान दुसऱ्याच्या आधी लागते. निदान तीन तास आधी चढवा आणि फोनवर उघडून पहिल्यापासून वाचा.

पूर्ण झाले नाही तर जेवढे आहे तेवढे द्या, पेन्सिलची पाने असली तरी. काहीच न देणे म्हणजे डिफॉल्ट. त्यात समोरच्याचे दोन आठवडे वाया जातात आणि पुढचे आव्हान कुणी सहज स्वीकारत नाही. अडचण दिसू लागली की त्याच दिवशी कळवा, शेवटच्या रात्री नाही.

मतदान चालू असताना घरच्यांना आणि वर्गातल्या मुलांना मत द्यायला पाठवू नका. तसे लक्षात येते, आणि लढत रद्दही होऊ शकते. स्वतः मात्र दुसऱ्यांच्या लढतींवर मत द्या आणि कारण लिहा: कोणत्या पानावर अडखळलात, कोणता चौकोन आवडला. ‘छान आहे’ हा अभिप्राय कुणाच्याच उपयोगी नाही. तुमच्या पानांवर टीका आली तर पहिला दिवस उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेली एकच गोष्ट शोधा आणि ती पुढच्या लढतीच्या आराखड्याच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवा. समोरच्या चित्रकाराला निकाल लागण्याआधीच संदेश पाठवा, त्याच्या पानांतले तुम्हाला काय आवडले ते सांगा, आणि दोन्ही पात्रांच्या मूळ थर (लेअर) असलेल्या फाइली जपून ठेवा. परतीची लढत लागली तर त्या लागतात.