शाळकरी मुलांमध्ये दमा-ॲलर्जी किती? पाहणी करताना प्रश्न कसा विचारावा

वर्गात जाऊन "कोणाकोणाला दमा आहे?" असं विचारलं की एकदोन हात वर येतात, तेही शेजाऱ्याकडे बघत बघत. त्यावरून काढलेला आकडा खरा नसतो. कित्येकांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी "ॲलर्जिक ब्राँकायटिस" लिहिलेलं असतं. घरात "बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल" असं म्हणतात. मुलगी असेल तर पुढे लग्न जमायचं म्हणून तो शब्दच उच्चारत नाहीत. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत मुलं आणि त्यांचे पालक मिळून, गेल्या वर्षभरात छाती वाजलेल्यांपैकी (म्हणजे श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज आलेल्यांपैकी) सुमारे ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. म्हणून आधी लक्षण विचारायचं, आजाराचं नाव नंतर.

प्रश्नावली स्वतः रचू नका. १९९१ साली सुरू झालेल्या आयझॅक या मुलांमधल्या दमा-ॲलर्जीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाची प्रश्नावली घ्या. पहिल्या टप्प्यात ५६ देशांतल्या १५५ केंद्रांवर १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांनी ती भरली होती. अकोला, बोरिवली आणि पुणे ही त्यातली आपल्याकडची केंद्रं. तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले तरच आपला आकडा इतरांशी ताडता येतो.

वयोगट दोनच: ६-७ आणि १३-१४. म्हणजे ढोबळमानाने पहिली-दुसरी आणि आठवी-नववी. लहानांचा फॉर्म पालक भरतात, मोठी मुलं वर्गात बसून स्वतः भरतात. शाळांची यादी करून चिठ्ठ्या टाका आणि किमान १० शाळा निवडा. ओळखीचे मुख्याध्यापक आहेत म्हणून शाळा घेऊ नका. आयझॅकने प्रत्येक वयोगटात ३,००० मुलांचं लक्ष्य ठेवलं होतं. तेवढी जमली नाहीत तरी १,००० च्या खाली जाऊ नका. त्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणि पालकांची लेखी संमती हातात हवी.

आता खरी अडचण, मराठी शब्दांची. मूळ प्रश्न श्वासाबरोबर छातीतून येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजाबद्दल आहे. त्याचं भाषांतर "तुला दम लागतो का?" असं केलं तर अख्खा आठवीचा वर्ग हो म्हणेल, कारण कबड्डी खेळून आलं की सगळ्यांनाच दम लागतो. "घरघर" लिहिलं तर सर्दीत घसा खरखरणारी मुलं आणि रात्री घोरणारी मुलंही त्यात येतात. "धाप" हा शब्द जिना चढण्यालाही लागतो. चालतं ते असं: "गेल्या १२ महिन्यांत कधी श्वास घेताना-सोडताना तुझ्या छातीतून शिट्टीसारखा, सूं-सूं असा आवाज आला का?" काही भागांत "छाती वाजली का?" म्हटलं की आया पटकन ओळखतात. तो शब्द कंसात जोडा, मूळ वाक्य मात्र काढू नका. सर्वांसमोर एकदा तो आवाज काढून दाखवावासा वाटतो, पण पाहणी करणाऱ्यागणिक नक्कल बदलते. त्यापेक्षा मोठ्या मुलांसाठी आयझॅकचीच व्हिडिओ प्रश्नावली आहे, ती लेखी फॉर्म भरून झाल्यावर दाखवा.

बाकीचे महत्त्वाचे प्रश्न असे:

- वर्षभरात असे किती झटके आले: एकही नाही, १ ते ३, ४ ते १२, १२ हून जास्त
- त्यामुळे झोपमोड किती वेळा झाली: कधीच नाही, आठवड्यात एका रात्रीहून कमी, एक किंवा अधिक रात्री
- एका श्वासात एकदोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतका झटका आला का
- सर्दी किंवा छातीचा संसर्ग नसताना रात्री कोरडा खोकला येतो का
- सर्दी-ताप नसताना शिंका, वाहतं किंवा चोंदलेलं नाक. सोबत डोळ्यांना खाज आणि पाणी
- किमान सहा महिने येत-जात राहिलेलं खाजरं पुरळ, आणि ते कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मानेवर किंवा कान-डोळ्यांभोवती आहे का

नाकाच्या प्रश्नातलं "सर्दी नसताना" ठळक छापा. मुलं ते वाचतच नाहीत आणि पावसाळ्यातली साधी सर्दी ॲलर्जी म्हणून मोजली जाते. "कधी दमा झाला होता का?" हा प्रश्न लक्षणांच्या नंतरच ठेवा. फॉर्मच्या शीर्षकातही दमा नको, "श्वास, नाक आणि त्वचेबद्दल काही प्रश्न" एवढं पुरे.

छापण्याआधी २०-३० मुलांकडून फॉर्म भरून घ्या आणि प्रत्येकाला "हे वाचून तुला काय समजलं?" असं विचारा. अर्धी पाहणी इथेच सुधारते. अक्षरओळख नसलेल्या पालकांना फॉर्म वाचून दाखवावा लागतो. मात्र वाचणाऱ्याने "म्हणजे दमा हो" असा खुलासा करायचा नाही.

हजेरीपटावरची गैरहजर मुलं सोडू नका. छाती वाजणारं मूलच त्या दिवशी घरी असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा एक फेरी मारा. बीड किंवा अहिल्यानगरच्या गावांत दिवाळीनंतर पाहणी ठेवली तर ऊसतोडणीला गेलेल्या घरांची मुलं सापडणारच नाहीत. तिथे शाळा सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये जा.

हिशेब करताना भागाकार भरलेल्या फॉर्मच्या संख्येने करा, पटसंख्येने नाही. समजा १,००० फॉर्ममध्ये ६२ जणांनी गेल्या १२ महिन्यांच्या प्रश्नाला हो म्हटलं, तर प्रमाण ६.२ टक्के आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरं प्रमाण बहुधा ज्या दोन टोकांमध्ये असतं ती) साधारण ४.७ ते ७.७. एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असल्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात आणखी रुंद असते. २०० मुलांत १२ निघाली तर मर्यादा २.७ ते ९.३ होते, एवढ्यावर "आमच्या तालुक्यात दमा वाढला" असं लिहू नये. छातीतल्या आवाजाबद्दल "कधीच नाही" आणि "गेल्या वर्षी हो" अशी दोन्ही उत्तरं एकाच फॉर्मवर दिसली तर स्वतः दुरुस्त करू नका, तो फॉर्म वेगळा काढून पुन्हा विचारा.

बोलता न येण्याइतका झटका आलेली किंवा दर आठवड्याला झोप मोडणारी मुलं दिसली की विश्लेषण संपायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात पालकांना बंद पाकिटात चिठ्ठी द्या आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (मुलांची आरोग्यतपासणी करणाऱ्या सरकारी) पथकाकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. चिठ्ठीत "दमा आहे" असं लिहू नका, प्रश्नावलीने निदान होत नाही. "छातीतून आवाज येतो असं फॉर्मवर लिहिलं आहे, तपासून घ्यावं" एवढंच लिहा, आणि महिन्याभराने वर्गशिक्षकांना विचारा की मुलाला दवाखान्यात नेलं का.