माध्यमिक शाळेत समुपदेशनाची घडी कशी बसवावी: पाचवी ते दहावी

शाळेत समुपदेशक नेमला की पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे मस्तीखोर, नापास होणारी आणि तासाला बोलणारी मुलं पाठवली जातात. काम बिघडायला सुरुवात होते ती इथूनच. ‘थांब, तुला समुपदेशनाच्या मॅडमकडेच पाठवते’ ही धमकी एकदा शाळेत रुळली की ज्याला खरोखर बोलायचं आहे ते मूल त्या खोलीकडे फिरकत नाही. आपण किती मुलांना बोलावलं यापेक्षा किती मुलं आपणहून आली, यावरून हे काम जोखावं. खोली, वेळ, नोंदी, शिक्षकांशी बोलणं या सगळ्याची मांडणी त्याच हिशेबाने करावी लागते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा, असे निर्देश दिले. तरीही अनेक मराठी शाळांत ही जबाबदारी एखाद्या शिक्षिकेकडेच असते. तिला प्रशिक्षण तर हवंच, शिवाय तीन गोष्टी जूनमध्येच मुख्याध्यापकांकडून लेखी घ्याव्यात. ज्या वर्गाचे पेपर ती तपासते त्या वर्गातली मुलं तिच्याकडे द्यायची नाहीत. शिक्षा ठरवणाऱ्या बैठकीत तिला बसवायचं नाही. आणि समुपदेशनाच्या तासिकेत तिला रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर पाठवायचं नाही. हे तोंडी ठरलं तर दिवाळीपर्यंत टिकत नाही.

खोली आणि बोलावण्याची रीत

मुख्याध्यापकांच्या कार्यालयाशेजारची खोली टाळा. तिथे पालक, शिपाई, शिक्षक यांची सतत ये-जा असते आणि आत कोण बसलंय ते सगळ्यांना दिसतं. ग्रंथालयाच्या बाजूची किंवा चित्रकलेच्या वर्गाशेजारची खोली बरी. आतलं दिसावं पण ऐकू जाऊ नये, म्हणून दाराला काच असावी आणि कडी आतून लावू नये. दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या आणि काटकोनात ठेवा. टेबलापलीकडे समोरासमोर बसलं की मुलाला तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटतं. करिअरची माहितीपत्रकं, कॅरमबोर्ड, गोष्टीची पुस्तकं याच खोलीत ठेवली तर आत जाणारा प्रत्येक मुलगा ‘काहीतरी झालेला’ ठरत नाही.

भर तासाला शिपायाला पाठवून ‘अमक्याला समुपदेशनाला बोलावलंय’ असं कधीही पुकारू नये. ग्रंथालयासाठी वापरतात तशीच साधी चिठ्ठी वापरावी आणि तिच्यावर फक्त वेळ लिहावी. खेळाचा किंवा मुलाच्या आवडीचा तास घेऊ नका. दर वेळी एकाच विषयाचा तासही बुडवू नका, नाहीतर तेवढ्या विषयात ते मागे पडतं आणि शिक्षक नाराज होतात. आठवी-नववीच्या मुलांना ३५ मिनिटांची एक तासिका पुरते. पाचवी-सहावीची मुलं २० मिनिटांनंतर चुळबुळ करतात, त्यांच्याशी चित्र काढता काढता बोलावं.

बोलणं सुरू होण्याआधी

जून-जुलैत प्रत्येक वर्गावर एक तास मागून घ्या. स्वतःची ओळख, बसण्याची जागा, मोकळ्या वेळा आणि गुप्ततेचा नियम एवढंच सांगा. गुप्ततेचं वाक्य प्रत्येक मुलाबरोबरच्या पहिल्या भेटीत, त्याने तोंड उघडण्याआधी, पुन्हा म्हणायचं: ‘तू सांगशील ते मी कोणाला सांगणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. पण ते तुला आधी सांगून करेन.’ ‘कोणालाही सांगणार नाही, शप्पथ’ असं वचन देऊन बसलेल्यांची पुढे फार अडचण होते. कारण ते मोडावं लागतं आणि त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

एखादं मूल येऊन दहा मिनिटं काहीच बोलत नाही. बोलू द्यायचं असेल तर आधी गप्प बसू द्यावं लागतं. ‘काय झालं? घरी काही आहे का? कोणी मारलं का?’ अशी प्रश्नांची सरबत्ती केली की मूल सगळ्यालाच मान डोलावतं आणि तुम्हाला वाटतं, कारण सापडलं.

हजेरीपट वाचा

शिक्षकांनी पाठवायची वाट पाहू नये. दर महिन्याच्या शेवटी सगळ्या वर्गांचे हजेरीपट घेऊन एक तास बसावं. एकूण टक्केवारी पाहून फारसं कळत नाही, गैरहजेरीचा आकार पाहावा. एखादी सातवी-आठवीतली मुलगी दर महिन्याला सलग तीन-चार दिवस गैरहजर असेल तर आधी शाळेचं स्वच्छतागृह जाऊन पाहा. पाणी आहे का, दाराला कडी आहे का, पॅड टाकायची सोय आहे का? तिथे समुपदेशनाची नाही, प्लंबरची गरज असू शकते. मधल्या सुट्टीनंतर गायब होणारा मुलगा बहुधा त्या सुट्टीत होणारा त्रास टाळत असतो. विशिष्ट वारी येत नसेल तर त्या दिवशीचं वेळापत्रक काढून कोणता तास आणि कोणते शिक्षक आहेत ते पाहा.

बीड, अहिल्यानगर, जालना भागात दिवाळीच्या सुमारास नावं एकदम गळू लागतात, ती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय कुटुंब निघण्याआधी लावावी लागते. बैलगाडी कारखान्याच्या वाटेला लागल्यावर पत्र पाठवून उपयोग नाही. आठवी-नववीतली मुलगी अशा वेळी अचानक यायची बंद झाली, मैत्रिणी विचारल्यावर एकमेकींकडे बघायला लागल्या, तर लग्न ठरल्याची शक्यता धरून चाला. गावपातळीवर ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला आणि १०९८ या चाइल्डलाइनला त्याच दिवशी कळवा. कोणत्या मुलीने सांगितलं हे घरी कळता कामा नये.

शिक्षकांकडून येणाऱ्या कागदावर ‘उद्धट’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ असं लिहिलेलं असेल तर तो प्रेमाने परत द्या. काय दिसलं, कधीपासून, किती वेळा, एवढंच लिहून मागा. ‘तीन आठवड्यांपासून मधल्या सुट्टीत एकटाच वर्गात बसतो, आठपैकी सहा गृहपाठ अर्धवट’ या एका ओळीवर काम करता येतं. भेटीनंतर शिक्षकांना मुलाने काय सांगितलं ते सांगायचं नाही, त्यांनी काय करावं ते सांगायचं: ‘त्याला फळ्यासमोर मोठ्याने वाचायला लावू नका, पुढच्या बाकावर बसवा.’ शिक्षकांना एवढं पुरतं आणि त्यांचं सहकार्यही मिळतं.

अभ्यासात मागे, की वाचताच येत नाही?

‘तोंडी सगळं सांगतो, पेपरात काही लिहीत नाही’ ही तक्रार फार गांभीर्याने घ्यावी. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारी मुलं दहावीपर्यंत ‘ढ’ म्हणून बसतात. मग वही पाहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यांच्याच होतात, त्यावरून काही ठरत नाही. पण काना-मात्रा गळणं, ब-भ, ट-ठ यांची सतत अदलाबदल, जोडाक्षरं फोडून लिहिणं, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिणं आणि अक्षर-अक्षर लावत वाचणं हे सगळं एकत्र आणि बरीच वर्षं दिसत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. निदान समुपदेशकाने करायचं नाही. ते अधिकृत सरकारी रुग्णालयातच होतं आणि प्रमाणपत्रही तिथूनच मिळतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमता आहे आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती बोर्डाच्या परीक्षेत मिळतात.

घोळ होतो तो वेळेचा. तपासणीच्या तारखा मिळायला आणि फेऱ्या पूर्ण व्हायला महिने जातात. दहावीच्या डिसेंबरात धावपळ सुरू केली तर प्रमाणपत्र परीक्षा संपल्यावर हातात येतं. आठवीतच सुरुवात करा. पालक ‘आमचा मुलगा काय वेडा आहे का’ म्हणतील. त्यांच्याशी बोलताना मुलाची वही आणि त्याचं तोंडी उत्तर शेजारी ठेवा. ते पाहिल्यावर बहुतेकांना पटतं.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

वहीच्या मागच्या पानावर ‘मी नसलो तर बरं’ लिहिलेलं सापडलं, हातावर ब्लेडच्या समांतर रेघा दिसल्या, मूल आवडत्या वस्तू इतरांना वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर सुटकेचा श्वास टाकणारी मुलं असतात. ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न: कसं करायचं ठरवलंय का, ती वस्तू घरात आहे का, कधी करायचं असं मनात आहे, याआधी कधी केलंय का. बेत आणि साधन दोन्ही असतील तर मुलाला एक क्षणही एकटं सोडू नका, स्वच्छतागृहापर्यंतही नाही. पालकांना शाळेत बोलवा आणि मूल त्यांच्याच हाती द्या. फोनवर सगळं सांगून रिक्षाने घरी पाठवणं ही घातक चूक आहे.

पालकांना नेमकं सांगा: शेतातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध, घरातल्या गोळ्या आजच कुलपात टाका किंवा घराबाहेर ठेवा, आणि किल्ली कोणाकडे ते मुलाला कळू देऊ नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, तो पालकांच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्या. ‘पुन्हा असं करणार नाही’ अशी शपथ किंवा लेखी हमी घेऊ नका. तिचा उपयोग होत नाही आणि मूल पुढच्या वेळी लपवायला शिकतं.

लैंगिक अत्याचार कळला तर

इथे समुपदेशकाला निवड नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावरच्या अत्याचाराची माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न देणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं कोणी म्हटलं तर ही कलमं दाखवा.

मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, वेळ-तारखेसह लिहा. तपास करू नका. ‘नक्की कुठे हात लावला, किती वेळा’ असे खोदून प्रश्न विचारू नका, आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, पर्यवेक्षक यांच्यापुढे मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून खुलासा मागू नका. मुलाचं नाव शिक्षकखोलीत उच्चारायचं नाही. त्रास देण्यासाठी कोणी मुलाचा नग्न फोटो पसरवला असेल तर तो पुरावा म्हणून स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका, कोणाला पुढे पाठवू नका, तोही गुन्हा ठरतो. तो फोन आहे तसा पोलिसांकडे जाऊ द्या.

राज्यात २०२२ पासून शाळांत मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती नुसती फलकावर आहे की भेटते, ते पाहा. तक्रारपेटी उघडताना दोन माणसं हवीत आणि दिवस ठरलेला हवा.

दहावीचा निकाल

निकाल साधारणतः दुपारी १ वाजता ऑनलाइन येतो आणि सुट्टी असल्याने शाळेत कोणी नसतं. त्या दिवशी समुपदेशकाने शाळेत असावंच. ज्यांची काळजी वाटते अशा मुलांची यादी फेब्रुवारीतच करून ठेवा आणि त्यांच्या घरी दुपारी आपणहून फोन करा. बोलताना माहिती द्या, धीर त्यातूनच येतो. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा लगेच होते, गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी मुदतीत अर्ज करता येतो, आयटीआयचे कितीतरी ट्रेड आहेत. पालकांना त्या दिवशी एकच विनंती करा: नातेवाइकांचे फोन दोन दिवस तुम्हीच घ्या.

नोंदी

प्रत्येक भेटीची नोंद चार-पाच ओळींत, त्याच दिवशी. मुलाने काय म्हटलं, तुम्ही काय केलं, पुढची भेट कधी. तर्क आणि शेरे नकोत, कारण हा कागद उद्या न्यायालयातही मागितला जाऊ शकतो. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात. शाळेच्या सामायिक संगणकावर यातलं काहीही ठेवू नये.

मे महिन्याच्या सुट्टीआधी चालू प्रकरणांची यादी काढा. ज्या मुलांबाबत धोका पूर्ण टळलेला नाही त्यांच्या पालकांना प्रत्यक्ष भेटा, डॉक्टरांची पुढची तारीख विचारून लिहून घ्या, आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तीन दिवसांत याच मुलांना भेटा.