लिमिटिंग रिएजंटचं गणित कसं सोडवायचं?

उसाच्या हंगामात सांगली-आष्टा रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या हे ठरलेलं चित्र. आता समजा, ट्रॉल्या पाच आणि ट्रॅक्टर तीन आहेत. पुरत्या भरून गाड्या किती निघतील? दोनच. ट्रॉल्या संख्येनं जास्त, तरी काम अडलं ट्रॉल्यांपायी. अकरावीची पोरं नेमकी इथंच फसतात. लिमिटिंग रिएजंट म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि पुढची अभिक्रिया अडवतो तो. पण आकडा कमी दिसला की त्यालाच लिमिटिंग ठरवून मोकळी होतात.

उसाला घालतो त्या युरियाचंच गणित घेऊ. 85 ग्रॅम अमोनिया आणि 132 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. युरिया किती मिळेल?

पहिल्यांदा संतुलित समीकरण. ते चुकलं की पुढचं सगळं पाण्यात.

2 अमोनिया + 1 कार्बन डायऑक्साइड → 1 युरिया + 1 पाणी

मग ग्रॅमला मोलर वस्तुमानानं, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनानं, भागून मोल करा. 85 ÷ 17 = 5 मोल अमोनिया, 132 ÷ 44 = 3 मोल कार्बन डायऑक्साइड. माल अमुक टक्के शुद्ध असं प्रश्नात असेल, तर ती वजावट याच्या आधी.

आता खरी पायरी: प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकानं, म्हणजे त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्यानं, भागा. अमोनिया 5 ÷ 2 = 2.5, कार्बन डायऑक्साइड 3 ÷ 1 = 3. लहान उत्तर अमोनियाचं, म्हणजे लिमिटिंग अमोनिया. इथून पुढं त्या 3 मोलकडं ढुंकूनही बघू नका. बघितलंत तर युरिया 180 ग्रॅम येईल, आणि पेपर काढणाऱ्यानं तो पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. नीटमध्ये त्याचा एक गुण वजा होतो तो वेगळाच.

2.5 ला युरियाच्या सहगुणकानं, म्हणजे 1 नं गुणा: 2.5 मोल. युरियाचं मोलर वस्तुमान 60, म्हणून उत्तर 150 ग्रॅम.

कार्बन डायऑक्साइड 2.5 मोल खर्च झाला, अर्धा मोल उरला: 22 ग्रॅम. पडताळा घ्यायचा कंटाळा करू नका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. युरिया 150, पाणी 45, उरलेला वायू 22, बेरीज 217. सुरुवातीचे 85 आणि 132 मिळूनही 217च.

प्रत्यक्षात 120 ग्रॅमच युरिया मिळाला असं दिलं असेल, तर 120 ला 150 नं भागून शंभरानं गुणा. उतारा 80 टक्के.