थ्री-पॉइंटचा नाद आणि बेंचवरचे रुसवे: पोरांना बास्केटबॉल शिकवताना या चुका टाळा

उन्हाळी शिबिराच्या पहिल्या सकाळी मी बॉल वाटतो आणि नुसता बघत बसतो. बहुतेक पोरं तडक थ्री-पॉइंट लाइनबाहेर, म्हणजे जिथून बास्केटला तीन पॉइंट मिळतात तिथे, जाऊन उभी राहतात. रिंगपासून अंतर 6.75 मीटर. अकरा वर्षांच्या हातात तेवढा जोर कुठून येणार? मग बॉल कमरेपासून उचलून, अख्खं अंग झोकून फेकायचा. विसात एखादा आत जातो आणि नेमका तोच बाबांच्या मोबाइलमध्ये सापडतो.

बाराच्या आतल्या पोराला पाच नंबरचाच बॉल द्या. मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर असते, मोठ्यांची 3.05 वर. रिंग खाली घेता येत नसेल तर निदान बॉल तरी लहान हवा. माझ्याकडे पहिला महिनाभर रिंगपासून दोन पावलांवरून, एका हाताने शॉट. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

‘पण सर, करी...’ म्हणणाऱ्यांसाठी: लांबून थ्री-पॉइंट मारण्यासाठी जगभर गाजलेल्या स्टीफन करीचाही शॉट शाळेत असताना खालूनच सुटायचा. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, खेळलेल्या वडिलांनी एका सुट्टीत तो मोडून डोक्यावरून बसवला. कित्येक आठवडे त्याला लांबून बॉल टाकताच येईना. पुढे मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, म्हणून तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. त्या सुट्टीचं रील कुणी बघत नाही.

आता रुसवे. माझ्या एका चौदा वर्षांच्या पोराचा स्टेप-बॅक (एक पाऊल मागे घेऊन मारलेला शॉट) इन्स्टावर गाजला. पुढच्याच शाळांच्या मॅचमध्ये त्याने पास देणं बंद केलं. तिसऱ्या क्वार्टरला मी त्याला बाहेर घेतलं, तर टॉवेल आपटून बेंचच्या टोकाला जाऊन बसला. टाइम-आउटलाही उठला नाही. कठड्यापलीकडून वडील ओरडत होते, “सर, स्कोअर तोच करतोय ना!” दोन पॉइंटनी हरलो. खरं सांगायचं तर ती क्लिप टीमच्या ग्रुपवर ‘शाब्बास’ लिहून मीच टाकली होती.

तेव्हापासून ग्रुपवर क्लिप बंद. मी वहीत फक्त रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल कुणी पकडला, आणि सुटलेल्या बॉलवर कोण झेपावलं ते लिहितो आणि तेवढंच वाचून दाखवतो. टाइम-आउटला बसून राहील तो पुढची मॅचही बसूनच बघतो.

उंच पोराला नुसतं रिंगखाली उभं करू नका. तेराव्या वर्षीचा ताडमाड पुष्कळदा सतराव्या वर्षी सगळ्यांच्या उंचीचा होतो, आणि ड्रिबल, म्हणजे बॉल टप्पे देत पुढे नेणं, येत नसतं.

सिलेक्शन झालं की पेढे वाटून प्रॅक्टिसला दांडी मारणारे: 2015 मध्ये आपल्या सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस टीमने खेळाडू निवडीत (ड्राफ्टमध्ये) 52व्या क्रमांकावर घेतलं, देशभर मथळे झाले. एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही.

डाव्या हाताचा ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन, उडी मारून टाकलेला बॉल): रोज पन्नास, वाद नको.

शूज: आपलं मैदान सिमेंटचं, तळ बघता बघता झिजतो. स्वस्तातले घ्या.