संदर्भशैली निवडताना

आधी विद्यापीठाची प्रबंध-नियमावली किंवा नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा. तिथे शैली ठरवून दिली असेल तर निवडीचा प्रश्न मिटला. आवृत्ती तेवढी तपासा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भशैली) हिची सहावी आणि सातवी (२०१९) आवृत्ती सर्रास मिसळली जाते. सातवीत प्रकाशनाचे शहर गळले, आणि तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखात ‘व इतर’ येते.

मोकळीक असेल तर साधने पाहून ठरवा. मानसशास्त्रात, शिक्षणशास्त्रात संशोधन किती ताजे ते महत्त्वाचे, म्हणून एपीएचे लेखक-वर्ष, म्हणजे मजकुरातच लेखकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष. साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) शैलीचे लेखक-पृष्ठ, वैद्यकात व्हँकूव्हर शैलीचे क्रमांक. इतिहासाची गोष्ट वेगळी: दप्तरे, पत्रे, बखरी लेखक-वर्षाच्या चौकटीत बसत नाहीत. तिथे शिकागो शैलीची तळटीप-पद्धत घ्या. कोणती प्रत, कोणता रुमाल (कागदपत्रांचे बासन), सगळे तळटीपेत मावते. जुन्या पुस्तकावर नुसता शक छापलेला असेल तर इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवू नका. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ लागतात; महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८२० (१८९८-९९)’ असे लिहा.

नोंदी पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवून मांडणारे सॉफ्टवेअर) ठेवा. शैली नंतर बदलता येते, पण हाताने टाइप केलेले संदर्भ तसेच राहतात.